उपासाला बसलेला हिरा

"फुकट काय काय आहे, ते आधी ठरवा!"

आमच्या गल्लीतल्या मॅडमचं हे ठरलेलं वाक्य. ते म्हणताना त्या उजव्या हाताचा पंजा असा सपाट करून हवेत धरायच्या, की समोरून येणारा टेम्पोसुद्धा थांबावा. थांबायचाच. एकदा विटांनी भरलेला ट्रक थांबला, ड्रायव्हर खाली उतरला आणि हात जोडून म्हणाला, "मॅडम, लायसन गाडीत आहे." यातलं निम्मं खरं आहे. कुठलं निम्मं, ते मला विचारू नका.

गल्ली म्हणजे चाकण एमआयडीसीच्या मागच्या अंगाची, पत्र्याच्या गाळ्यांची. त्यातल्या एका गाळ्यात मी. गेज आणि फिक्स्चर, म्हणजे माप तपासायची आणि सुटे भाग पकडून ठेवायची साधनं बनवायची, दुसऱ्यांची मापं बरोबर आहेत का ते तपासून द्यायचं, हा माझा धंदा. समोरच्या अंगाला आबा. ही सगळी जमीन पूर्वी त्यांची, कांद्याची. कंपन्यांनी घेतली ती घेतली; उरलेल्या तुकड्यावर आबांनी गाळे बांधले, भाड्याने दिले आणि एकात स्वतःचे पॉवर प्रेस टाकले. आबांचा मोठा प्रेस पत्रा कापायला खाली आला की माझ्या टेबलावरचा चहा कपातून उडी मारून बशीत बसायचा. मी चहा बशीतूनच प्यायला लागलो ते तेव्हापासून.

आणि आबांच्या शेजारच्या गाळ्यात, मधे फक्त एक पत्र्याची भिंत, तिथे आल्या मॅडम. मूळच्या परभणीच्या. पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत होत्या, ती नोकरी सोडून इथे आल्या. सामानात एक काळं टेबल, ते दगडासारखं जड. एक कपाटासारखा रॅक, त्यात तारा. आणि एक डबी. डबीत हिरा.

आता चाकणच्या गल्लीत हिरा आला म्हटल्यावर काय होणार, तुम्हीच सांगा. पहिल्या दिवशी तो तिळाएवढा होता. दुसऱ्या दिवशी हरभऱ्याएवढा झाला. आठवडा संपायच्या आत तो लिंबाएवढा झाला आणि वॉचमन मॅडमना सलाम ठोकायला लागला. माझ्या मेव्हण्याने तर मुलीच्या साखरपुड्यासाठी विचारून बघायला सांगितलं.

मी विचारलं. मॅडम म्हणाल्या, "अंगठीत चालणार नाही भाऊ. यात खोट आहे."

"मग परत करा ना दुकानदाराला!"

"खोट आहे म्हणूनच तो माझ्या कामाचा. आत कार्बनचे अणू ओळीने बसलेत. एका ठिकाणी एक जागा रिकामी आहे आणि तिच्या शेजारी नायट्रोजनचा अणू येऊन बसलाय. त्या दोघांच्या मधे जे घडतं, ते मी मोजते."

"म्हणजे थेरगावातल्या आमच्या बिल्डिंगसारखंच," मी म्हणालो. "एक फ्लॅट रिकामा, शेजारी बाहेरगावचा भाडेकरू. मधे काय घडतं ते मोजायला अख्खी सोसायटी बसलेली असते."

त्या हसल्या. त्या हसायच्या तेव्हा आधी मान खाली घालायच्या, जणू हसू टेबलाखाली कुठेतरी पडलंय आणि ते उचलून घेताहेत.

त्या मोजत होत्या ते असं. त्यांच्याच शब्दांत सांगतो, माझ्या शब्दांत सांगितलं तर त्याचा लिंबाएवढा हिरा होईल. "एखादी गोष्ट 'ही' असते किंवा 'ती' असते. हे फुकट. अशी अवस्था कुणीही करू शकतं, वाराही करतो. पण या अणूच्या पातळीवर 'हीही आणि तीही' अशी एक अवस्था असते, आणि त्या दोन्हींची चाल एकमेकींशी जुळलेली असते. ती जुळणी म्हणजे माझं भांडवल. ते खर्चून कामं होतात. बारीकातलं बारीक चुंबकत्व ओळखता येतं. पण जरा धक्का लागला की चाल सुटते, आणि हातात उरतं ते पुन्हा फुकटातलं 'ही किंवा ती'."

मला एकदम लख्ख उजेड पडला. "म्हणजे आमच्या गावचा ग्रामपंचायत सदस्य! मतमोजणीपर्यंत दोन्ही पॅनलमध्ये!"

"नाही हो," पंजा वर. "त्याने मनात आधीच ठरवलेलं असतं. तुम्हाला माहीत नसतं, एवढंच. तो फुकटातला."

त्या दिवसापासून त्या सदस्याकडे बघायची माझी दृष्टीच बदलली.

आणि हे 'फुकट' त्यांनी सगळीकडे लावलेलं. कोपऱ्यावरच्या टपरीवर वडापाव घ्यायला गेल्या तरी, "मिरची फुकट आहे ना? मग मिरचीची फुशारकी नको. वडा दाखवा." माझ्या कोटेशनवर बोट ठेवून, "यातलं फुकट काय काय? ते वजा करा, मग उरेल ते तुमचं काम." वजा केल्यावर माझं काम फारच थोडं उरायचं, ही गोष्ट वेगळी.

पण एका बाबतीत आमचं गोत्र जमलं. मी म्हणालो, माझ्या मायक्रोमीटरच्या जबड्यात काहीच नसेल तर त्याने शून्य दाखवलं पाहिजे, नाहीतर ते भंगार. त्या खुर्चीवरून उठल्याच. "अगदी तेच! फुकटातल्या अवस्थेचं माप शून्य आलं पाहिजे. आणि फुकटात करता येणाऱ्या कुठल्याही खटपटीने माप वाढता कामा नये. वाढलं तर तुमचं माप खोटं." इतक्या आनंदाने त्यांनी माझ्या मायक्रोमीटरकडे बघितलं, की मी त्याला महिनाभर कुणाला हात लावू दिला नाही.

एवढंच होतं की मोजलं की ते भांडवल संपायचं. पुन्हा उभं करायचं, पुन्हा मोजायचं, पुन्हा संपवायचं. लाखो वेळा. मला यात काही नवल वाटलं नाही. आमच्याकडेही पत्रा किती ताण सोसतो हे बघायला तो तुटेपर्यंत ओढतात. फरक इतकाच की आमचा पत्रा तुटल्यावर आबा शिव्या देतात आणि मॅडमचा हिरा हिरव्या लेझरखाली लालसर उजळतो.

आता खरी अडचण. हिरा मॅडमचा नव्हता, संस्थेने वापरायला दिलेला होता, तोही दसऱ्यापर्यंत. त्याआधी संस्थेच्या दोघांसमोर दाखवायचं होतं, की असं मोजणारं यंत्र थंड तळघराशिवाय, साध्या गाळ्यातही चालतं. जमलं तर हिरा मॅडमकडे राहणार. नाही जमलं तर हिरा परत, गाळा बंद, आणि मॅडमनी नोकरी सोडून घेतलेली उडी सरळ खड्ड्यात.

आणि गाळा कुणाच्या शेजारी? आबांच्या. तीन शिफ्ट प्रेस. पलीकडे वेल्डिंग. प्रत्येक ठोक्याला, प्रत्येक ठिणगीला बिचाऱ्या हिऱ्याची चाल सुटायची. पडद्यावर एक लाट हळूहळू विरत जायला हवी, ती जन्मतःच आडवी व्हायची.

"गुरुवारी करा," मी सुचवलं. आमच्या पट्ट्यात रविवार गुरुवारी येतो, हे तुम्हाला माहीत असेलच. सगळे कारखाने बंद.

"गुरुवारी वीज जाते," मॅडम म्हणाल्या.

तेही खरं. सगळे बंद म्हणून वीजवाले दुरुस्ती गुरुवारीच काढतात. इन्व्हर्टर लावून बघितला, लेझर चढेपर्यंत बॅटरीने मान टाकली. आबांनी आपुलकीने जनरेटर देऊ केला. त्याची धडधड ऐकून हिऱ्याने काय केलं असेल ते तुम्हीच ओळखा. म्हणजे शांतता असेल तेव्हा वीज नाही आणि वीज असेल तेव्हा शांतता नाही. दोन्ही एकाच दिवशी द्यायची आमच्याकडे पद्धतच नाही.

फक्त एक दिवस सोडून. खंडेनवमी! दसऱ्याच्या आदल्या दिवशी मशिनांची पूजा, त्या दिवशी गल्लीत एकही मशीन चालत नाही. आणि वीज असते, कारण लाउडस्पीकर लागतो. त्या वर्षी देवीच्या कृपेने नवमी गुरुवारी आली नव्हती. मॅडमनी संस्थेला तोच दिवस कळवून टाकला.

हे आबांना कळलं मात्र, ते प्रेस थांबवून आले.

"बाय, म्या काय आयकतो? नवमीला तू मशीन चालवनार?"

"हे मशीन नाही आबा."

"पिन हाय का त्याला?"

"आहे."

"मंग मशीन हाय. माझ्या गाळ्यात नवमीला मशीन चालायचं न्हाई. आमच्या आज्यापासनं न्हाई चाललं."

"आबा, तुमच्या आज्याकडे कुठलं मशीन होतं?" मी मधे तोंड घातलं.

"नांगर व्हता. त्यो बी न्हाई चालला. तू गप."

आबा घरमालक, त्यांनी मेन स्विच खाली ओढला असता तर प्रश्नच मिटला असता.  पण मॅडमचा पंजा वर आला.

"आबा, नवमीला फुकट काय काय आहे, ते आधी ठरवू."

"फुकट? पेढं फुकट."

"तसं नाही. काय काय केलं तर चालतं? दिवा लावला तर?"

"चालतो की."

"पंखा?"

"चालतो. पूजेला मानसं येत्यात, घामाघूम करायची व्हय त्यास्नी?"

"फ्रीज?"

आबा थबकले. आबांच्या फ्रीजमध्ये दर नवमीला श्रीखंडाचं पातेलं असतं आणि ते आख्ख्या गल्लीला ठाऊक आहे. "फ्रीज... चालतो."

"फ्रीजला पिन आहे."

आबांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली. "आसंल. पर फ्रीज काय घडवत न्हाई. आत हाय त्ये राखतो निस्ता."

मॅडमचे डोळे असे चमकले की हिऱ्याने लाजावं. "म्हणजे घडवणं बंद, राखणं चालू. तुम्हीच ठरवलंत हं आबा. आता ऐका. माझा हिरा काहीही घडवत नाही. मी त्याला एकदा सरळ उभं करते, दोन्हीकडे झुकवते आणि सोडून देते. मग हात लावत नाही. तो न बिघडता किती वेळ राहतो, तेवढंच बघते."

"काय खातपीत न्हाई?"

"नाही."

"बोलत न्हाई?"

"शेवटी एकदाच बोलतो."

आबा माझ्याकडे वळले. त्यांचा चेहरा एकदम भाविक झालेला. "आरं, मंग त्यानं नवमीचा उपास धरलाय म्हन की! आधी नाय का सांगायचं?"

"तेच सांगायलेय," मॅडम म्हणाल्या. जिंकायला लागल्या किंवा चिडल्या, की त्यांची परभणी बाहेर यायची.

"पर पूजा व्हनार," आबांनी बजावलं. "अन म्या करनार."

नवमीचा दिवस उजाडला. प्रेस थांबले, वेल्डिंग थांबलं. गल्ली इतकी शांत, की पत्र्यावरच्या कबुतरांना प्रलय आला असं वाटलं आणि ती तळेगावच्या दिशेने उडून गेली. मला माझ्या मनगटावरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू आली. ते घड्याळ बॅटरीवरचं आहे आणि टिकटिकत नाही.

आबा पांढरेशुभ्र होऊन आले. रॅकला हळदीकुंकू, झेंडूचा हार, लेझरला एक फूल. "बाय, ह्या भिंगाला कुंकू?" "भिंगाला नको आबा, बाजूला लावा." नारळ बाहेर फोडला. तेवढ्यात संस्थेचे दोघे आले, एक मोठे सर आणि एक तरुण बाई. मॅडम त्यांना चहा द्यायला बाहेर गेल्या, आबा आत राहिले. आबा एकटे आत राहिले, याकडे आमच्यातल्या कुणीच लक्ष दिलं नाही.

मोजणी सुरू झाली. हिरवा उजेड पडला, हिरा लालसर उजळला, आम्ही सगळे पडद्याकडे वळलो. आणि पडद्यावर लाट आली ती सरळ आडवी झाली. आबांचे प्रेस चालू असतानासुद्धा इतकी वाईट आली नव्हती.

पुन्हा. पुन्हा आडवी.

मोठे सर छताकडे बघायला लागले. परीक्षक छताकडे बघायला लागला की विद्यार्थ्याने समजून घ्यायचं असतं. मॅडम पडद्याकडे बघत हळू म्हणाल्या, "माझं भांडवल कोण खायलंय?"

मग सुरू झाली झडती. "किल्ल्या बाहेर! मोबाईल बाहेर! पट्ट्याची बकलं बाहेर!" लोखंड म्हणून जे जे होतं ते निघालं. माझं कडं निघालं. मोठ्या सरांचा पट्टा निघाला आणि भौतिकशास्त्रातले एवढे मोठे विद्वान दोन्ही हातांनी विजार धरून उभे राहिले. आबांनी गळ्यातल्या चेनला हात घातला.

"सोनं राहू द्या आबा. सोन्याचं त्याला काही वाटत नाही."

"ऱ्हाऊ दे म्हनली!" आबा छाती फुगवून म्हणाले. त्याच वेळी, बोटाएवढी जाड चेन मिरवणारे आमचे एक शेजारी गाळेवाले, कुणी काही विचारायच्या आत, खोकत खोकत बाहेर निघून गेले. तेव्हापासून ते शर्टाचं वरचं बटण लावतात.

तरी लाट आडवीच. उद्या दसरा, हिऱ्याची डबी टेबलावर, आणि ती न्यायला आलेले दोघे समोर उभे. मॅडम बसल्या. घाबरलेला माणूस करतो तसं त्यांनी काही केलं नाही. हिऱ्याला बिघडवणारं जे असतं तेच हिऱ्याला ओळखताही येतं, म्हणून त्यांनी हिऱ्यालाच विचारलं. काहीतरी फिरवलं, पडद्यावरची एक रेघ कुठल्या बाजूला सरकते ते बघितलं, आणि उठून थेट रॅकच्या मागे गेल्या.

मागे, झेंडूच्या हाराआड, लिंबू-मिरची लटकत होती. आणि ती लटकत होती एका चुंबकाला. प्रेसच्या साच्यातला लोखंडाचा चुरा उचलायला ठेवतात तो, जवळ नेला तर पाना हातातून हिसकावून घेईल असला.

"आबा, हे तुम्ही लावलंत?"

"व्हय. पाव्हनं येनार, कुनाची नजर लागू ने." आबांनी अभिमानाने सांगितलं. "पडू ने म्हनून माझ्याकडला सगळ्यात दांडगा चुंबक लावला."

संस्थेच्या तरुण बाईंनी ओढणीचं टोक तोंडात कोंबलं. मोठे सर विजार धरून मॅडमकडे बघत राहिले. मीही. कारण एका वाक्यात आबांना गल्लीभर हसण्याचा विषय करता आलं असतं, आणि ते वाक्य बरोबरही असतं.

मॅडमनी पूजेच्या ताटातला लाल धागा घेतला. लिंबू-मिरची त्यात ओवली. रॅकच्या मागे, होती तिथेच, नीट गाठ मारून बांधली. लिंबाला नमस्कार केला. मग चुंबक माझ्या हातात दिला आणि कानाजवळ येऊन म्हणाल्या, "भाऊ, लांब जा. अजून लांब."

मी गेलो. मी देहू फाट्यापर्यंत गेलो असेन; लोक म्हणतात टपरीपर्यंतच गेलो होतो. तिथे चुंबक टपरीच्या पत्र्याला चिकटला तो मला काढता येईना, म्हणून मी त्याला धरून उभा. त्यामुळे हिऱ्याच्या इतिहासातला तो क्षण मी स्वतः बघितला नाही. मी बघितलं ते एवढंच, की गल्लीतून आबा पळत येताहेत. अनवाणी. आबांना पळताना मी आयुष्यात पहिल्यांदाच बघत होतो.

"टिकला!" ते लांबूनच ओरडले. "टिकला त्यो! लय येळ टिकला!" जवळ येऊन माझा दंड धरला. "माझं लिंबू पावलं रं त्याला."

परत गेलो तेव्हा पडद्यावर लाट होती, सावकाश विरत जाणारी, गावाबाहेर जाणाऱ्या बैलगाडीच्या आवाजासारखी. मोठ्या सरांनी आबांकडे बघत मिस्कीलपणे विचारलं, "नेमकं काय बदललंत?"

"लिंबू होतं तिथंच आहे, सर," मॅडम म्हणाल्या आणि मान खाली घालून त्यांनी आपलं हसू उचललं.

हिरा राहिला. संस्थेने मुदत वाढवून दिली. आणि नवमीनंतर आबांनी, कुणी न मागता, एक नवी रीत पाडली. रोज जेवणाच्या सुट्टीनंतर ते मोठा प्रेस जरा वेळ थांबवून ठेवायचे. कामगार उभे, आबा स्विचवर हात ठेवून उभे. पलीकडे मॅडम मोजून घ्यायच्या आणि झालं की मधल्या पत्र्याच्या भिंतीवर ठोकायच्या. मग प्रेस सुरू.

पण साध्या गाळ्यातही ते मोजता येतं हे एकदा सिद्ध झाल्यावर, त्या गाळ्याचंच काम संपलं. बेंगळुरूच्या एका यंत्रं बनवणाऱ्या कंपनीने तशी आणखी यंत्रं बनवायला मॅडमना बोलावून घेतलं. हिरा मॅडमकडे राहिला. मॅडम काही आमच्याकडे राहिल्या नाहीत. जड टेबल टेम्पोत चढवताना आबा स्वतः खांदा द्यायला आले. लिंबू-मिरची मॅडमनी सोबत नेली, असं आबा सांगतात. मी ते खोडून काढत नाही.

आता त्या गाळ्यात पुठ्ठ्याची खोकी बनवणारा एक जण आलाय. लातूरकडचा, भला माणूस. महिन्याभराने त्याने मला विचारलं, "राव, हे आबा रोज दुपारी प्रेस बंद करून माझ्या भिंतीकडं का बघत राहतेत?" मी त्याला सांगितलं की त्या जागी एका सिद्ध पुरुषाची समाधी आहे आणि ती वेळ त्यांच्या ध्यानाची आहे. तो आता तिथे रोज उदबत्ती लावतो. धंदाही बरा चाललाय म्हणतो.

परवा दुपारी मी त्याच्याकडे खोकी सांगायला गेलो होतो. पलीकडचा प्रेस थांबलेला. बराच वेळ झाला तरी सुरू होईना. मला काय वाटलं कोण जाणे, मी उठलो आणि मधल्या पत्र्यावर बोटांनी ठोकलं.

प्रेस सुरू झाला.

संध्याकाळी टपरीवर आबा भेटले. चहा संपवला. उठताना माझ्या हाताकडे बघून म्हणाले, "हळू वाजिवलंस. तिचा हात जड व्हता."